एका सेस नंबरापायी तीन आठवडे

गिरगावातली ती खोली शेवटी मी घेतलीच नाही. पण तिच्यापायी ज्या नंबराच्या मागे तीन आठवडे वणवण केली, तो मला अजून तोंडपाठ आहे.

बदलीची ऑर्डर आली, ऑफिस फोर्टात. नवरा आणि लेक नाशकात, मी एकटी मुंबईत. एजंटाने दोन दिवसांत सात जागा दाखवल्या, त्यांतली ही पाचवी. तिसरा मजला, दीड खोली, लाकडी कठड्याची गॅलरी, मोरी आत, संडास मात्र कॉमन. चर्नी रोड स्टेशन चालत दहा मिनिटं. गॅलरीत उभी राहिले आणि मनातल्या मनात तुळशीची कुंडी कुठे ठेवायची तेसुद्धा ठरवून टाकलं.

"इमारत किती जुनी?" मी विचारलं.

"मॅडम, ब्रिटिशांच्या वेळची. आत्ताच्या बिल्डिंगींपेक्षा मजबूत." हे वाक्य मला त्या आठवड्यात चार जणांनी ऐकवलं.

मी वाड्यात वाढलेली बाई. नववीत असताना शेजारच्यांची भिंत ऐन श्रावणात रात्री बसली. माणसं वाचली, गोठा गेला. त्यानंतर बाबा आमच्या भिंतीतल्या भेगेवर सिमेंटचा ठिपका लावून त्यावर तारीख घालायचे. ठिपका तडकला की समजायचं, भेग अजून चालतेय. (गिरगावातल्या त्या जिन्यातही एका भेगेवर काचेची पट्टी चिकटवलेली होती. काच अखंड होती. अशी पट्टी दिसली तर घाबरू नका, कोणीतरी लक्ष ठेवून आहे असं समजा. तडकलेली असेल तर मात्र विचारा.) त्यामुळे मजबुतीच्या गप्पांवर माझा विश्वास बसत नाही, कागद लागतो.

कागद कुठे मिळतो हे आधी सांगते. मुंबई शहरात, म्हणजे उपनगरं सोडून, 30 सप्टेंबर 1969 पर्यंत बांधलेल्या बहुतेक खासगी भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर (सेस) भरणाऱ्या, असतात. लोक 'सेसवाली बिल्डिंग' म्हणतात. त्यांच्या दुरुस्तीचं काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे. 1 सप्टेंबर 1940 च्या आधीच्या 'अ' वर्गात, 1950 अखेरपर्यंतच्या 'ब' मध्ये, त्यापुढच्या 'क' मध्ये. दरवर्षी पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं. सेसमध्ये नसलेल्या इमारतींचं महापालिका बघते. तिथे 'सी-1' हा शब्द ऐकलात तर पुढे काही विचारू नका, ती रिकामी करून पाडायची इमारत. 354 कलमाची नोटीस, म्हणजे धोकादायक इमारतीबद्दल महापालिका देते ती, हाही तिथलाच शब्द. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडून 33 माणसं गेली, तेव्हापासून मला या याद्या पेपरात वाचायची सवय लागली आहे.

मग यादी बघायची आणि मोकळं व्हायचं, असं मला वाटलं होतं. पण यादीत नावं नसतातच म्हणायला हरकत नाही. दारावर 'अमुक निवास' असं संगमरवरात कोरलेलं असलं तरी यादीत घर क्रमांक, रस्ता आणि सेस नंबर, म्हणजे उपकराच्या नोंदीतला त्या इमारतीचा क्रमांक. आणि आमच्या 'अमुक निवास'चा घर क्रमांक कोणालाच माहीत नव्हता. पोस्टमनसुद्धा नावावरच पत्र टाकतो.

म्हणून एका सरकारी कार्यालयात गेले. कोणत्या, ते लिहीत नाही.

पहिल्या दिवशी खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "सेस नंबर?"

मी इमारतीचं नाव सांगितलं.

"नावाने इथे काही सापडत नाही."

मी पत्ता सांगितला, जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. त्यावर म्हणाले, "रजिस्टरला जुनं नाव आहे, गिरगाव रोड. आणि नंबर पाहिजेच." म्हणजे नंबर शोधायला आलेल्या बाईला नंबर घेऊन या!

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा जेवणाची सुट्टी होती, पावणेदोनला सुरू झालेली आणि तीन वाजले तरी न संपलेली. तिसऱ्या वेळी तेच गृहस्थ भेटले आणि त्यांनी नवाच प्रश्न काढला.

"तुम्ही मालक?"

"नाही."

"भाडेकरू?"

"अजून नाही."

"मग तुम्हाला माहिती कशाला?"

"भाडेकरू व्हायच्या आधीच विचारतेय ना!"

"झाल्यावर या."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "माहितीच्या अधिकारात टाक." टाकला असता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, काही कठीण नाही. पण उत्तराला 30 दिवसांची मुदत, आणि एजंटाने टोकनसाठी शनिवारपर्यंतची. (तुमच्या हातात दोन महिने असतील तर मात्र पहिल्याच दिवशी अर्ज टाकून ठेवा. मी ते केलं नाही ही माझी चूक.)

खोली देणारे गृहस्थ डोंबिवलीला राहायचे. त्यांना विचारलं तर "पावत्या वडिलांच्या नावावर, कपाटात आहेत, बघतो" असं दोन शनिवार चाललं. टोकनचा शनिवारही असाच पुढे ढकलला गेला. इमारतीचा मालक एक ट्रस्ट. त्यांच्या मुनीमजींनी फोनवर सांगितलं, "आमच्या भाडेकरूशिवाय कोणाला कागद दाखवत नाही." आणि एजंट? "नंबर कशाला पाहिजे, मॅडम? राहायचंय की बिल्डिंग विकत घ्यायचीय?"

सुटका केली पहिल्या मजल्यावरच्या आजींनी. मी खरं तर त्यांच्याकडे पाण्याची वेळ विचारायला गेले होते. (पाण्याचं एजंटाला विचारूच नका, राहणाऱ्या बाईला विचारा. त्याने "चोवीस तास" सांगितलं होतं, आजींनी "पहाटे साडेचार ते सहा, आणि तिसऱ्यावर पंप लावल्याशिवाय चढत नाही".) बोलता बोलता मी नंबराचं रडगाणं गायले. आजी उठल्या, स्वयंपाकघरात खुंटीला तार लटकत होती, तीत पावत्या ओवलेल्या. लाइटबिलं, रॉकेलची, आणि खाली खाली भाडेपावत्या. सर्वांत तळातल्या छापील पावतीवर डी वॉर्ड, त्यापुढे नंबर, स्ट्रीट नंबर, आणि रस्त्याचं नाव गिरगाव रोड. वॉर्डाच्या अक्षरापुढचा हा आकडा म्हणजेच सेस नंबर. मी पावतीचे पुढून मागून दोन फोटो काढले आणि आजींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी? आधी विचारायचंस."

चौथ्या वेळी खिडकीवर नंबर सांगितला. रजिस्टर उघडायला आणि मिटायला मिळून दोन मिनिटं लागली. त्या वर्षीच्या यादीत इमारत नव्हती. मोठी दुरुस्ती एकदा झालेली. मालक की भाडेकरू, हे त्या दिवशी कोणी विचारलंही नाही. एवढा राग आला की आभार मानायचे राहून गेले.

खुशीत येऊन त्या संध्याकाळी मी इमारत पुन्हा डोळ्यांखालून घातली. टेकू कुठे नाहीत, गच्चीच्या कठड्यात पिंपळ नाही, कॉमन संडासाच्या खालच्या मजल्यावरचं छत कोरडं. हे छत बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही, पण जुन्या चाळीत पहिली लोखंडी बीम गंजते ती तिथे. जिन्यातला एकच भाग नव्याने रंगवलेला असेल तर तिथे बोटाने ठोकून बघा, पोकळ वाजतं का ते. जमलं तर पावसात जा.

रात्री फोनमधले फोटो बघत होते. पावतीच्या मागे बारीक अक्षरात अटी छापल्या होत्या. तिसरी अट: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नये.

म्हणजे डोंबिवलीचे गृहस्थ मालक नव्हतेच, पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर कायम राहणारे, भाडेकरू होते. हे मला कळायला हवं होतं, भाडं देतात ते ट्रस्टला हे मला माहीत होतं, पण नंबराच्या नादात डोकं चाललं नाही. परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला दिली तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली मालक त्यांच्यावर दावा लावू शकतो. त्यांची जागा गेली की मीही बाहेर. आणि उद्या पुनर्विकास झाला तर नवं घर त्यांना, लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या ठरावीक मुदतीच्या करारावर राहणारीला, काही नाही.

परवानगीचं पत्र मागितलं. ते म्हणाले, "सगळेच असंच देतात. आपण नोटरी करून टाकू." नोटरीचा उपयोग नाही. करार नोंदणीकृतच लागतो, आणि तो करून घेणं ही जागा देणाऱ्याची जबाबदारी. खर्चही फार नसतो. मुंबईत नोंदणी फी 1000 रुपये आणि पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का मुद्रांक. पण ते नोंदणीला तयार नव्हते, कारण उघड आहे.

टोकन दिलं नव्हतं, म्हणून सुटले. आता ठाकुरद्वारला एका सोसायटीत राहते. गॅलरी नाही, तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये. ही जागा बघायला गेले तेव्हा पायऱ्या चढायच्या आधीच मालकीणबाईंकडे मालमत्ता कराचं बिल आणि शेअर सर्टिफिकेट मागितलं. त्या थोड्या दुखावल्या, पण त्यांनी दाखवलं.

यंदा मे महिन्यात यादी आली तेव्हा मी तो जुना नंबर शोधला. नव्हता. आजींना फोन करून कळवलं.

"अगं, मला कळलंच असतं," त्या म्हणाल्या. "मी इथेच बसलेय की."