खिळ्याची परवानगी

सकाळी साडेसहाला फोन किणकिणला. तिकडे भारतात आठ वाजले होते. चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणाऱ्या मुलाचा निरोप: "ताई, गणपतीच्या सजावटीसाठी हॉलमध्ये दोन खिळे मारले तर चालतील का?" सोबत भिंतीचा फोटो, जणू मी ती भिंत कधी पाहिलीच नव्हती.

मी लगेच उत्तर दिलं नाही. मालकीणपणा अंगात आला म्हणून नव्हे. ज्या गॅलरीत चहा पीत मी तो निरोप वाचत होते, ती गॅलरीही भाड्याची, आणि तिच्या करारनाम्यातलं एक अख्खं कलम खिळ्यांवर खर्च झालेलं आहे. भिंतीला खिळा, स्क्रू, हूक, काहीही लावायचं तर मालकाची लेखी परवानगी हवी. चार वर्षं झाली, आमची चित्रं कपाटाला टेकून जमिनीवर उभी आहेत. आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही काहीतरी नवी फॅशन असावी.

आम्ही राहतो मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, तामारें नावाच्या गावात. तामारें म्हणजे चिंच. चिंचवडहून उठून चिंचेच्याच गावी आलो, यावर नवऱ्याने पहिलं वर्षभर प्रत्येक फोनवर तोच विनोद केला. गाव लहान. एक नदी समुद्राला मिळते, मागे रांपार नावाचा टोकदार डोंगर आहे, काळ्या दगडाचे वाफे असलेली मिठागरं आहेत आणि भल्या पहाटे खाडीत डॉल्फिन येतात. ते बघायला लांबलांबून बोटी येतात; आम्ही मात्र दूध आणायला जाताना दिसले तर बघतो. दक्षिण आफ्रिकेतून आणि फ्रान्समधून आलेली पुष्कळ मंडळी इथे स्थायिक झाली आहेत. त्यांना सगळे 'एक्सपॅट' म्हणतात. आम्हाला काय म्हणायचं हे गावाचं अजून ठरलेलं नाही. पिठाच्या चक्कीची चौकशी करणारा एक्सपॅट त्यांनी आधी पाहिला नसावा.

परक्या माणसाला इथे मनात आलं आणि घर घेतलं, असं करता येत नाही. 1975 सालचा कायदा आहे. सरकारने आखलेल्या योजनांमधलं घर घ्या, नाहीतर पंतप्रधानांच्या कार्यालयाची परवानगी आणा. योजनेतल्या घरांच्या किमती ऐकल्यावर पंतप्रधानांना त्रास न देण्याचं आम्ही ठरवलं. मग राहिलं भाडं. आमचा करारनामा इंग्रजीत आहे, त्यावरचे वाद फ्रेंचमध्ये होतात आणि समेट इथल्या बोलीत, क्रिओलमध्ये.

घर ताब्यात घेताना 'एता दे ल्यू' नावाचा विधी असतो. म्हणजे घर आहे त्या स्थितीत उतरवून घेणं. घर फर्निचरसकट असल्यामुळे ही यादी सात पानी निघाली. चमचे सहा, काटे पाच (एक हरवलेला, आमच्या आधीच्यांकडून), सूप पिण्याचे वाडगे सहा, पैकी एकाचा कंगोरा उडालेला. एजंटाचा माणूस प्रत्येक वस्तू उचलून दाखवायचा आणि मी मान डोलवायची. आपल्याकडे सुनेला भांडी दाखवतात तसं. फरक इतकाच की यांतल्या कशावरच कुणाचं नाव घातलेलं नव्हतं. माझ्या सामानात आईचं नाव आणि 1979 हे साल कोरलेला एक स्टीलचा डबा होता. तो फडताळात ठेवल्यावर, या सबंध घरात आपलं काय आणि त्यांचं काय हे ओळखायची तेवढी एकच खूण राहिली.

समुद्रकाठच्या भाडेकरूचा खरा वैरी घरमालक नसतो, गंज असतो. माझं आजोळ गुहागरचं, त्यामुळे खारा वारा मला नवा नव्हता. पण आजोळी गंजलेली कडी आजोबांची होती. इथे गंजलेली कडी अनामत रकमेतून वजा होऊ शकते. इथे अनामतीला 'कोस्यों' म्हणतात. फाटकाच्या बिजागऱ्या, फ्रीजच्या दाराची खालची कड, पंख्याच्या जाळीवरचे तांबूस ठिपके: हे सगळं मी केलं की वाऱ्याने? पहिल्या वर्षी मी दर रविवारी तेलाचं फडकं घेऊन घरभर फिरायचे. दुसऱ्या वर्षी फक्त फाटकाला तेल घालायचे. आता पाहुणे येणार असतील तेव्हा. खाडीजवळच्या एका बंगल्यात राहणाऱ्या बाईंनी तर आल्याच दिवशी प्रत्येक बिजागरीचा तारखेसह फोटो काढून ठेवला होता. निघताना तो कामी आला म्हणे. मला असं सावध राहता येत नाही. ज्या दाराचे पुरावे गोळा करत बसायचं, त्यातून 'आले गं' म्हणत आत कसं शिरायचं?

आमच्या घरमालकीण खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गाव त्यांना टांटिन म्हणतं, मी मावशी म्हणते. जन्म कास्कावेलचा, इथून थोड्याच अंतरावरच्या गावातला, जिथे मराठी घरं बरीच आहेत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून आले. 1834 पासून पुढे हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर आणले गेले, त्यांतले ते एक. पोर्ट लुईच्या बंदरावर जिथे हे लोक उतरले त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आज जागतिक वारसा आहेत; मावशी मात्र तिथे एकदाच गेल्यात, तेही नातेवाइकांना दाखवायला. त्यांच्याकडे मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतून काढून आणलेला एक कागद आहे. तिथे त्या मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. कागदावर पणजोबांचं नाव, उंची, अंगावरची खूण आणि जिल्हा. जिल्ह्याचं स्पेलिंग असं की वाचायला मला दोनदा ओठ हलवावे लागले. नोंदवहीतलं पणजोबांचं पाळण्यातलं नाव पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झालं. करार ठरावीक वर्षांचा, राहायला मळ्याच्या छावणीतली खोली, तीही मळेवाल्याची. मी एकदा विचारलं, त्या खोलीचं भाडं किती होतं? मावशी म्हणाल्या, "भाडं नव्हतं गं. माणूसच भाड्याने होता." आणि लगेच उठून वाटाणे सोलायला लागल्या. हे बोलणं अर्थात क्रिओलमध्ये. त्यांचं मराठी सणावाराचं आहे, रोज काढत नाहीत.

आमचा वरचा मजला त्यांनी मुलासाठी बांधला. इथली घरं बाहेरून पाहिली की पुणे-नगर रस्त्याची आठवण येते: गच्चीवर सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या. पुढचा मुलगा, पुढचा मजला. 1960 साली कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं, त्यात लाकडाची-पत्र्याची घरं उडून गेली आणि तेव्हापासून ज्याला जमेल तो काँक्रीट ओततो. स्लॅब टाकायचा दिवस म्हणजे लग्नघर. भाऊबंद येतात, घमेली फिरतात, दुपारी पंगत बसते. मावशींच्या वरच्या मजल्याची स्लॅब ओतून झाली, रंग झाला, आणि मुलगा मेलबर्नला गेला. तिथे तो भाड्याने राहतो. त्याच्या घरमालकाने त्याला मांजर पाळायला बंदी केली आहे, ही बातमी मावशींनी मला फार दुखावलेल्या आवाजात सांगितली होती. आमच्या करारनाम्यातही मांजराला बंदी आहे. मी ते बोलले नाही.

तर असं आहे. मुलाच्या मजल्यावर आम्ही, आमच्या फ्लॅटमध्ये साताऱ्याकडचं एक जोडपं, मुलगा कुणा ऑस्ट्रेलियन माणसाच्या घरात, आणि तो ऑस्ट्रेलियन माणूस कुठे राहतो देव जाणे.

एकदा किनाऱ्यावरून फिरताना मी समुद्राला लागून असलेल्या बंगल्यांकडे हात केला. इथे त्यांना 'कांप्मां' म्हणतात. व्हरांडा थेट वाळूत उतरतो. म्हटलं, मावशी, असं एखादं आपलं असतं तर! त्या हसल्या. "झोत ओसी लोकातेर." तेही भाडेकरूच. मला वाटलं थट्टा करतात. पण भरतीच्या रेषेपासून आत 81.21 मीटरचा पट्टा फ्रेंचांच्या काळापासून सरकारी मालकीचा आहे. 'पा जेओमेत्रिक' म्हणजे भूमितीय पावलं, अशी पन्नास पावलं मोजून तो आखलेला. त्यावरचे बरेचसे बंगले भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. आणि भरतीच्या रेषेखालची वाळू तर सगळ्यांचीच. रविवारी आतल्या गावांतून बस भरभरून माणसं येतात, सुरूच्या झाडांखाली ताडपत्री बांधतात, बिर्याणीचं पातेलं मधोमध ठेवतात, ढोलकं निघतं. लक्षावधी रुपये भरणाऱ्या बंगलेवाल्याच्या पायरीसमोर कुणाचा तरी काका लुंगीवर झोपलेला असतो. बंगलेवाला काही बोलू शकत नाही. हे दृश्य मला मनापासून आवडतं, आणि त्यात थोडा मत्सर आहे हे कबूल करते.

आता पुन्हा खिळ्याकडे. आमच्या हॉलच्या छतात, पंख्याच्या दोन्ही बाजूंना, स्लॅबमध्येच बसवलेल्या चार लोखंडी कड्या आहेत. यादीच्या सात पानांत त्यांचा उल्लेख नाही. झोपाळ्याच्या म्हणाव्या तर फार जवळजवळ, पाळण्याच्या म्हणाव्या तर चार कशाला? चार वर्षं आम्ही त्यांना काही टांगलं नाही, कलमाची भीती. फक्त तेल लावायचे, गंजून पडल्या तर आपल्या माथी नकोत म्हणून.

जुलैत मावशींच्या हॉलच्या छताचे पोपडे पडायला लागले. आतली सळई खाऱ्या हवेने फुगली होती, तिने काँक्रीट ढकललं. गवंडी म्हणाला, सगळं खरवडावं लागेल, दोन महिने तरी. एका संध्याकाळी मावशी वर आल्या. त्यांच्याकडे आमच्या घराची दुसरी किल्ली असते, तरी दार वाजवलं, सपाता बाहेर काढल्या, आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. माणूस उसने पैसे मागायला बसतो तसं. म्हणाल्या, यंदा गणपती खाली बसवता येणार नाही. वर बसवला तर चालेल का? दीडच दिवस. माणसं येतील, चपला होतील, आरतीला आवाज होईल. तुला त्रास होणार असेल तर दिराकडे नेऊ.

मी म्हटलं, "मावशी, घर तुमचंच आहे!"

"नों," त्या म्हणाल्या. "ऊ की पे पेय ल्वाये." भाडं तू भरतेस ना.

मग त्यांनी वर बघितलं, आणि मीही बघितलं. स्लॅब ओतायच्या आधी त्यांच्या नवऱ्याने स्वतः त्या कड्या सळयांना बांधून घेतल्या होत्या. मुलगा वर राहायला येईल, त्याचा गणपती वर बसेल, त्याच्यावर मंडपी लागेल, मग चौकट टांगायला चार कड्या नकोत का? मंडपी हा शब्द त्या मराठीत बोलल्या. गुहागरला आजोबा माळ्यावरून ती लाकडी चौकट काढायचे आणि आम्ही पोरं तिला टांगायला रानात हरणाची फुलं, कवंडळाची फळं शोधत हिंडायचो, तो शब्द. तो इथे, चिंचेच्या गावात, काँक्रीटमध्ये ओतून ठेवलेला होता, आणि मी त्याला चार वर्षं शिवणयंत्राचं तेल लावत होते.

गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. आणि ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे इथला हिवाळा. चिखल नाही, छत्री नाही, कोरड्या थंड वाऱ्यात गणपती येतो, हे माझ्या कोकणी मनाला अजून पचत नाही. सगळी तयारी पुतण्यांनी केली. हरणं-कवंडळं नव्हती, आंब्याचे डहाळे, केळीचे घड, लिच्चीची पानं आणि प्लास्टिकची चार सफरचंदं लागली. मी मोदक केले, मावशींना कळ्या जास्त घट्ट वाटल्या. त्यांच्या जावा साड्या खोचून झाकरी नाचल्या, जी आमच्याकडची जाखडीच, फक्त समुद्र ओलांडताना एक अक्षर ओलं झालेलं. 'सुखकर्ता' म्हणताना मावशींचा र घशात कुठेतरी विरतो, पण एक शब्द चुकला नाही. मेलबर्नचा मुलगा फोनच्या पडद्यावर होता. त्याने आपलं घर पाहिलं, आमचा सोफा पाहिला, कपाटाला टेकलेली चित्रं पाहिली आणि विचारलं, ही भिंतीवर का लावत नाही?

पण हे पुढचं. त्या सकाळी, चतुर्थीला पाच दिवस असताना, छताला अजून काही लागलेलं नव्हतं आणि चिंचवडच्या मुलाच्या निरोपाला उत्तर द्यायचं बाकी होतं. चहा संपल्यावर लिहिलं: "मारा. फक्त खिडकीशेजारच्या भिंतीत नको, आतून वायर गेलीय."

लगेच उत्तर आलं. "तिथे मारायची गरजच नाही ताई, एक खिळा आधीचाच आहे. तुमचाच का?"

होता. कालनिर्णयचा.