उचलू नका, खांदा द्या : सिंधुदुर्गाची माझी दुसरी खेप

मी कोल्हापूरचा. वय चौपन्न. दीड वर्षाचा असताना डाव्या पायाला पोलिओ झाला. मांडीपासून तळपायापर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी लोखंडी चौकट, लावून आणि उजव्या हातात कुबडी घेऊन चालतो. लहानपणी जेवढे गड आणि देवळं पाहिली, ती सगळी वडिलांच्या खांद्यावरून. पन्हाळ्याचा तीन दरवाजा असो, जोतिबाच्या पायऱ्या असोत, वडील वाकायचे आणि म्हणायचे, "चल, बस." त्या खांद्याची मला कधीच लाज वाटली नाही. पण वडील गेल्यावर मी मनाशी ठरवलं की आता जिथं जायचं तिथं स्वतःच्या पायानं जायचं. नाही जमलं तर खालूनच नमस्कार करायचा.

मालवणचा सिंधुदुर्ग मला बघायचा होता, आणि त्याला कारण होतं. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. पुढं तो आमच्या कोल्हापूरच्या गादीकडं आला आणि, १७६५ मधला इंग्रजांचा थोडक्या काळाचा ताबा सोडला तर, १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांच्या ताब्यात जाईपर्यंत तिच्याकडंच राहिला. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळात १६९५ साली बांधलेलं. शिवरायांची मूर्ती देव म्हणून पुजली जाते असं ते ठिकाण. कोल्हापूरच्या माणसानं तिथं एकदा तरी डोकं टेकावं, असं मला फार वाटायचं.

पहिली खेप तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात झाली. कसलीही चौकशी न करता गेलो. भर दुपारी धक्क्यावर पोचलो तर ओहोटी लागलेली. होडी धक्क्याच्या खाली माझ्या कमरेइतकी खोल उभी होती. मागं माणसांची रांग, उन्हाचा ताव. एक खलाशी "काही नाही होत" म्हणाला आणि मला न विचारता दोघांनी काखेत हात घालून वर उचललं. सदरा गळ्यापर्यंत आला, कॅलिपर होडीच्या कडेवर आदळलं. त्या दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पोत्यासारखा चारचौघांत लटकलेला माणूस काय होतो, ते ज्याच्यावर येतं त्यालाच ठाऊक. "खाली ठेवा," एवढंच म्हणालो. घरच्यांना पुढं पाठवलं आणि दीड तास धक्क्यावर बसून समोरचा तट बघत राहिलो.

त्या दीड तासातच खरं काम झालं. शेजारी एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी, जाळं घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं, मग पाण्याकडं, आणि म्हणाले, "तुमी सुकतीक इलास. भरतीक येवा. होडी धक्क्याच्या बरोबरीन येता." सुकती म्हणजे ओहोटी. मी विचारलं, भरती कधी असते हे कोल्हापुरात बसून मला कसं कळणार? त्यावर त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आजवर कुठल्याही पर्यटनाच्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढं सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. आणि भरती दिवसातून दोनदा, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतरानं.

म्हणजे मला लागणारी सगळी माहिती आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, कालनिर्णयात, वर्षानुवर्षं टांगलेली होती!

घरी आल्यावर हिशेब मांडला. सकाळी नऊच्या भरतीला पलीकडं जायचं, अकरा-साडेअकरापर्यंत परतायचं, तोवर पाणी फार उतरलेलं नसतं. म्हणजे द्वादशी किंवा त्रयोदशी हवी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, मे महिन्यात आणि सुट्ट्यांत गर्दी. म्हणून पौष शुद्ध द्वादशी धरली, तीही आठवड्याच्या मधल्या वारी.

दुसरी अडचण होडीत पाय टाकण्याची. जमिनीवरच्या पायऱ्यांचं गणित मला पाठ आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. पण हलणाऱ्या पायरीचं काय? माझ्या भाच्याचं शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. त्यानं ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून जमिनीवर टाकली, तिच्यावर जाड फळी ठेवली आणि म्हणाला, "मामा, ही तुमची होडी. चढा." महिनाभर रोज संध्याकाळी, कामगार सुटल्यावर, मी त्या फळीवर चढत-उतरत होतो. दोनदा पडलो. मग लक्षात आलं की कुबडी होडीत आधी टाकायचीच नाही, ती भाच्याकडं द्यायची. कॅलिपरच्या गुडघ्याला कडीचं लॉक असतं. कडी खाली सरकवली की पाय खांबासारखा ताठ होतो, वर ओढली की वाकतो. लॉक लावलेला पाय फळीवर आधी ठेवायचा, उजवा हात भाच्याच्या खांद्यावर, आणि भार बसल्यावरच चांगला पाय उचलायचा. भाच्याला मी एकच सांगितलं होतं : धरायचं नाही. मी धरणार. तू फक्त खांदा द्यायचा आणि हलायचं नाही. धरणारा माणूस आपल्या वेगानं ओढतो, खांदा देणारा आपल्या वेगानं चालू देतो.

ओल्या दगडाचा सराव पंचगंगेच्या घाटावर केला. पहाटे घाट मोकळा असतो. कुबडीच्या टोकाचा रबर शेवाळावर कसा निसटतो, ते तिथं दोन दिवसांत कळलं. नवा रबर घेतला आणि एक जादा खिशात ठेवला. त्याची झीज डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्यानं कड चाचपून बघावी लागते.

राहण्याच्या जागेबाबत मात्र फसलो. फोनवर विचारलं, खोली तळमजल्यावर आहे ना? हो म्हणाले. गेलो तर ओसरीपर्यंत पाच उंच पायऱ्या आणि कठडा नाही. कोकणात पावसामुळं जोतं उंच असतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. शिवाय संडासाच्या दाराशी वीतभर उंबरा. मालक भला माणूस होता, त्यानं रात्रीच एक लाकडी पाट आणून मधे ठेवला. तेव्हापासून मी "पायऱ्या आहेत का" असं विचारतच नाही. दाराचा, पायऱ्यांचा आणि संडासाचा फोटो मागवतो आणि पायरीशेजारी पाण्याची बाटली उभी करून काढा म्हणतो. बाटलीवरून उंची नेमकी कळते.

प्रवास एसटीनं केला. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, कार्ड जवळ होतं. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत दुपारनंतर मालवणात उतरलो. पुढची जागा मिळाली की घाटात पायाला मार बसत नाही, म्हणून आरक्षण आधीच केलेलं. सोबत बायको आणि भाचा.

द्वादशीच्या सकाळी साडेआठला धक्क्यावर गेलो. खरं सांगतो, खाली बघायला धीर होत नव्हता. बायको पुढं जाऊन बघून आली आणि म्हणाली, "अहो, होडी वर आलीय." होडीची कड धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीनं होती, जेमतेम वीतभर खाली.

म्हातारे तांडेल त्या दिवशी नव्हते. होडीवाल्याला मी आधी बाजूला घेतलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. मला उचलायचं नाही. मी शेवटी चढणार आणि शेवटी उतरणार, म्हणजे मागं कुणी खोळंबणार नाही. आणि किल्ल्यावर साधारण तासभर वेळ देता तो मला पुरणार नाही, तर परतीला पुढच्या होडीनं आणा. तो लगेच तयार झाला. एवढं सरळ बोलायला मला पन्नाशी उलटावी लागली, याचं वाईट वाटतं. जीवरक्षक जाकीट धक्क्यावरच घातलं. दोन-अडीच किलोचं लोखंड पायाला बांधलेल्या माणसानं ते होडीत बसल्यावर घालू म्हणू नये.

सगळे बसल्यावर भाचा होडीत उतरला, पाय फाकून घट्ट उभा राहिला आणि त्यानं खांदा पुढं केला. कडी खाली सरकवली. होडी वरखाली होत होती. होडीवाला पाण्यावर नजर ठेवून म्हणाला, "घाय करू नकात. वर येवंदे... आता!" होडी लाटेबरोबर वर आली त्याच क्षणी मी डावा पाय टाकला. लाकडावर बूट टेकल्याचा खट आवाज झाला. एक लाट खाली गेली, दुसरी वर आली, आणि मग चांगला पाय. होडीतल्या कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी "वा" म्हटलं नाही. एका बाईंनी सरकून जागा दिली. मला तेच हवं होतं.

पलीकडं जायला दहा-बारा मिनिटं लागतात. तट जवळ यायला लागला की दरवाजा दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो दडवलेला आहे, अगदी जवळ गेल्याशिवाय वाट कळत नाही. उतरताना चढ होता, म्हणून चांगला पाय आधी. डाव्या बुटाचं टोक होडीच्या कडेत अडकलं. भाच्यानं खाली वाकून फक्त टोक उचललं, पाय नाही.

मग वाळू आणि दगड. वाळूत कुबडी रुतते, चार पावलांत दंड भरून येतात. दरवाज्यातून आत गेल्यावर मी हनुमानाच्या देवळापाशी दहा मिनिटं बसलो. जवळच तटावर महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा जपलेल्या घुमट्या आहेत. वर जायच्या पायऱ्या बघितल्या आणि तिथंच ठरवलं, नाही. सगळी ताकद तिथं संपवली असती तर मंदिरापर्यंत पोचलो नसतो. अठ्ठेचाळीस एकरांचा किल्ला आहे, मला त्यातली एक वाट हवी होती.

ती वाट नारळीच्या सावलीतून जाते. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. मधे एका घराच्या पडवीत टेकलो तर त्या घरच्या काकूंनी न मागता तांब्याभर पाणी आणून दिलं. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. विहिरीत वाकून बघणं मला शक्य नव्हतं. पण पाणी प्यालो.

मंदिरापाशी एक प्रश्न उभा राहणार हे मला कोल्हापुरातूनच माहीत होतं. माझा डावा बूट कॅलिपरला जोडलेला आहे, तो काढता येत नाही. अंबाबाईच्या देवळात याच कारणानं मी आयुष्यभर लांबूनच दर्शन घेत आलो. या वेळी बायकोनं नव्या मांजरपाटाची एक पिशवी शिवून आणली होती, तोंडाला नाडी घालून. सभामंडपाबाहेर तिनं ती बुटावर चढवली आणि नाडी बांधली. तिथं असलेल्या पुजाऱ्यांना मी विचारलं, असं चालेल का? त्यांनी पिशवीकडं बघितलं, म्हणाले, "या. सावकाश या."

मूर्ती पाषाणाची, वीरासनात. मला गुडघे टेकता येत नाहीत. कुबडी भाच्याकडं दिली, एका हातानं खांब धरला आणि उभ्यानंच मान झुकवली. डोळे भरून आले. वडील असते तर त्यांनी मला इथंही खांद्यावर आणलं असतं, आणि मी आनंदानं आलो असतो, हेही त्याच वेळी मनात आलं.

परतताना अकरा वाजून गेले होते. पाणी उतरायला लागलं होतं, होडी सकाळपेक्षा चांगलीच खाली गेली होती. अर्धा तास आणखी रेंगाळलो असतो तर अवघड झालं असतं. कडी खाली, डावा पाय आधी, भाच्याचा खांदा. मालवणच्या धक्क्यावर उतरताना मात्र दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, ओल्या आणि शेवाळलेल्या. तिथं मी बसून, हातावर भार देत, एकेक पायरी वर सरकलो. विजार भिजली. होडीवाला वरून नुसता बघत थांबला, पुढं आला नाही, कारण सकाळी मी त्याला सांगितलं होतं.

कोल्हापुरात परत आल्यावर त्याच रात्री कॅलिपर काढून न्हाणीघरात बसलो. खारं पाणी धातूला आणि चामड्याला खातं. गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं, फडक्यानं पुसलं. गुडघ्याची कडी अडकत होती. ती वरखाली करत राहिलो तसे आतून वाळूचे कण फरशीवर पडत राहिले, बारीक, पांढुरके. शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले तेव्हा ती सुटली. बायको दारातून म्हणाली, पिशवी धुवून वाळत घातलीय, शनिवारी अंबाबाईला जाऊ.