पोहताना गरगरतंय? आधी नेमकं कधी गरगरतंय ते बघा

पोहताना मळमळणारे, डोकं गरगरणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत, पण ते फारसं कुणी बोलून दाखवत नाही. बोललंच तर "पाण्याला भितोयस" नाहीतर "पित्त झालंय" एवढ्यावर विषय मिटतो. मे महिन्याच्या बॅचला उत्साहानं आलेलं पोरगं चौथ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून घरी बसतं, त्यातल्या काहींचं दुखणं हेच असतं. नुसत्या धीरानं ते जात नाही, कारण त्याचा उगम बऱ्याचदा कानात आणि डोळ्यांत असतो. तो शोधला तर त्रास खूप कमी करता येतो, आणि म्हणूनच यापायी कुणी पोहणं सोडलं की मनापासून वाईट वाटतं.

घाटात गाडी लागते त्यामागचंच कारण इथंही असतं. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं किती आणि कुठं वळलं ते मेंदूला कळवतात. शेजारचे दोन छोटे अवयव वर-खाली आणि सरळ रेषेतली हालचाल कळवतात. डोळे वेगळी बातमी देतात, पायाचे तळवे आणि सांधे आणखी वेगळी. जमिनीवर या सगळ्यांचा मेळ बसतो. पाण्यात पाय टेकलेले नसतात, डोळ्यांसमोर हिरवट धूसर काहीतरी असतं आणि मान मात्र दर दोन-तीन हातांना वळत असते. बातम्या जुळेनाशा झाल्या की उमासे सुरू होतात.

तरी नुसतं "मला पाण्यात त्रास होतो" म्हणून उपयोग नाही. कधी होतो ते बघा. उडी मारल्या मारल्या सगळं फिरायला लागलं आणि मिनिट-दोन मिनिटांत थांबलं, तर बहुतेक वेळा कानात गेलेलं गार पाणी. दहा-पंधरा मिनिटं फ्रीस्टाइल केल्यावर हळूहळू मळमळ चढली, तर मान, श्वास किंवा गिळलेली हवा. फक्त टर्न मारल्यावर, म्हणजे भिंतीपाशी वळल्यावर होत असेल तर टर्न. शिडीवरून वर आल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ती गरगर नव्हेच. पाण्याचा अंगावरचा दाब एकदम गेला की रक्त पायांकडं उतरतं आणि रक्तदाब क्षणभर पडतो. अशा वेळी काठावर पाय पाण्यात सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं.

कानाचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण विहिरीत पोहायला शिकणाऱ्यांचा हाच मुख्य त्रास. चक्कर तपासताना कानाचे डॉक्टर मुद्दाम एका कानात ३० अंश आणि नंतर ४४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडतात, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त. तेवढ्या फरकानं कानाच्या नलिकेतला द्रव हलायला लागतो आणि माणूस खुर्चीत स्थिर बसलेला असूनही त्याला फिरल्यासारखं वाटतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांचं असतं, खोल विहिरीचं त्याहून गार असू शकतं. दोन्ही कानांत पाणी सारखंच गेलं तर परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी मारून टाकतात. एका कानात आधी किंवा जास्त गेलं की डोकं फिरलंच. एका कानात मळ साचलेला असणं, टोपी एकाच कानावर नीट बसणं, सूर मारताना डोकं तिरकं असणं, पडद्याला भोक असणं ही त्याची नेहमीची कारणं.

त्यामुळं अशा माणसानं पहिल्याच फटक्याला मुटका किंवा सूर मारू नये. शिडीनं किंवा पायऱ्यांनी उतरायचं. ओंजळीनं दोन्ही कानांवर, मानेवर पाणी घ्यायचं. मग कठडा धरून डोकं सरळ ठेवून हळूहळू बुडवायचं, वर यायचं, अर्धा मिनिट थांबायचं, असं तीन-चार वेळा. सिलिकॉनची टोपी दोन्ही कान पूर्ण झाकेल अशी ओढायची. एवढ्यानं भागलं नाही तर मळता येणारे सिलिकॉनचे इअरप्लग घ्या. एका कानाला एक गोळा, बोटांनी मऊ करून कानाच्या तोंडावर चपटा बसवायचा, आत ढकलायचा नाही. दोन्ही कानांना लावायचे, एकालाच लावून फरक वाढतो. प्लग घालून सूर मारायचा नाही आणि तळाला जायचं नाही, पाण्याचा दाब तो आत ढकलतो.

कानात गरम तेल सोडून विहिरीवर पाठवायची पद्धत अजून काही घरांत आहे, ती थांबवायला हवी. पडदा फाटलेला असेल तर तेल सरळ आत जातं. पोहून झाल्यावर डोकं तिरकं करून कानाची पाळी वर-मागं ओढली की पाणी निघतं. काडी, पिन, चावी काही घालू नये.

आणि पाण्याखाली असतानाच गरगरलं तर? वर कुठं, खाली कुठं हेच कळत नाही, त्यात माणूस हातपाय झाडतो. नाकातून थोडी हवा सोडा. बुडबुडे जिकडं जातात तिकडं वर. भिंत हाताला लागली तर ती धरूनच वर या. या कारणासाठी विहिरीत एकट्यानं उतरू नये, पाठीला डबा बांधलेला असला तरी.

आता मान. नवशिक्याच्या फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेताना डोकं पुढं उचललं जातं, मग आकाशाकडं वळतं, मग धपकन परत. दर श्वासाला तीन दिशांची हालचाल. बरोबर श्वासात डोकं उचललं जात नाही, खांद्यांबरोबर कुशीवर वळतं, एक गॉगल पाण्यातच राहतो आणि तोंडाचा कोपरा तेवढा बाहेर येतो. सराव असा: काठ एका हातानं धरून, दुसरा हात पुढं ताणून, पाय मारत आडवं व्हायचं. कान ताणलेल्या दंडावर टेकलेला ठेवायचा. दहा श्वास एका बाजूनं, दहा दुसऱ्या बाजूनं. ते जमलं की दर तिसऱ्या हाताला श्वास, म्हणजे डावी-उजवी बाजू आलटून पालटून येते. दम पुरत नसेल तर एक फेरी डावीकडं आणि परतीची उजवीकडं.

श्वास पाण्याखालीच सोडत राहायचा. तोंड बाहेर काढून सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायला गेलं की हवा गिळली जाते, पोट फुगतं, ढेकर येतात. हवा कोंडून ठेवली की कार्बन डायऑक्साइड साचून डोकं जड होतं. याला लोक पित्त समजतात.

बटरफ्लायचं थोडं वेगळं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्येच ब्रॉन्झ मिळवलं, त्यामुळं इथल्या मुलांना हा स्ट्रोक लवकर शिकायचा असतो, आणि शिकावाच. पण गरगरणाऱ्या मुलाला तो सगळ्यात शेवटी द्या. मान दर हाताला होकारासारखी वर-खाली होते. हनुवटी पाण्याला चाटून जावी, नजर खालीच राहावी आणि सुरुवातीला २५ मीटरऐवजी चार-पाच हातच मारावेत.

फ्लिप टर्नची, म्हणजे भिंतीपाशी पाण्यात कोलांटी मारून वळण्याची चक्कर घालवायला हनुवटी छातीला लावून गुडघे पटकन जवळ घ्यायचे, नाकातून सलग हवा सोडायची, आणि पाय भिंतीला लागताच नजर एका ठिकाणी रोखायची. प्रमाणित तलावात तळाची काळी रेघ भिंतीच्या २ मीटर अलीकडं आडव्या रेघेनं संपते. जाताना टर्नची खूण तीच, फिरून झाल्यावर नजर ठेवायची जागाही तीच. एका दिवसात सुरुवातीला पाचच टर्न. बाकीच्या फेऱ्यांना हात लावून वळा, त्यात कमीपणा काही नाही.

डोळ्यांना धरायला काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणून गॉगल महत्त्वाचा. पट्टा न लावता डोळ्यांवर दाबून सोडला तर दोन-तीन सेकंद चिकटून राहावा, नाही राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा नाही. पट्टा करकचून आवळून गळती थांबवली की कपाळ ठणकतं आणि मळमळीत भर पडते. धुकं धरत असेल तर आतून लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब पसरून पाण्यानं हलकं विसळा. चष्मा असलेल्यांनी नंबरचा गॉगल घ्यावा, दोन्ही डोळ्यांना वेगळा नंबरही मिळतो. पोहण्याच्या तलावात ज्याला काहीच होत नाही त्याला पंचगंगा नदीच्या किंवा कळंबा तलावाच्या गढूळ पाण्यात गरगरू शकतं, कारण तिथं रेघ नाही, तळ नाही, हातापुढं काही दिसत नाही. तिथं सहा ते दहा हातांनी एकदा, फक्त डोळे पाण्यावर येतील इतकंच डोकं उचलून घाट, देऊळ किंवा उंच झाड बघायचं. पावसाळ्यात नदी चढलेली असताना मात्र या सरावाचा विचारसुद्धा नको.

खाण्याचं फार लांबवायला नको. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास नाही. पहाटेच्या बॅचला अगदी रिकाम्या पोटीही नाही, तासभर आधी एक केळं किंवा अर्धी पोळी पुरे. कट मारलेली मिसळ पोहून आल्यावर. आल्याचा तुकडा चघळून काहींना बरं वाटतं, तो चालतो.

गोळ्यांबद्दल मात्र कडक राहा. गाडी लागू नये म्हणून आपण घेतो त्या ॲव्होमीनसारख्या गोळ्यांनी झोप येते, हालचाल मंदावते. गुंगीत खोल पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. मेक्लिझीन या मळमळ-चकरेवरच्या औषधानंही काहींना झोप येते. डॉक्टरांनी एखादी गोळी दिलीच तर ती पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी, जमिनीवर घेऊन बघा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना तसं सांगायचंच.

घरी करायचा एक व्यायाम खरंच उपयोगी आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा, नजर नखावर. मान डावी-उजवी हलवा, अंगठा स्थिर आणि स्पष्ट दिसेल इतक्याच वेगानं. एक मिनिट. मग तसंच वर-खाली. दिवसातून दोनदा. आठवड्याभरानं उभं राहून, मग चालता चालता. पाण्यातही हाच नियम: मळमळ दहापैकी तीनवर आली की थांबायचं, काठ धरून लांबची स्थिर वस्तू बघायची, उतरली की परत सुरू. सात-आठपर्यंत ताणलं तर शरीर सरावत नाही, पुढच्या वेळी लवकर बिघडतं.

काही गोष्टींना मात्र व्यायाम पुरत नाही. अंथरुणात कूस बदलतानाही काही सेकंद घर फिरत असेल, तर कानातले बारीक खडे जागेवरून हलले असण्याची शक्यता असते. कानाचे डॉक्टर ठरावीक पद्धतीनं डोकं फिरवून ते परत बसवतात. एका कानानं ऐकू कमी येणं, कान वाहणं, सतत घंटी वाजणं असेल तर तपासणी होईपर्यंत पाणी बंद. बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, तोंड वाकडं झालं, छातीत दुखलं, शुद्ध हरपली तर थेट दवाखाना.

राहिला समुद्र. मालवणच्या चिवला बीचवर पोहायला कोल्हापुरातून बरेच जण जातात आणि निम्मा त्रास करूळ किंवा फोंडा घाटातच घेऊन बसतात. शक्यतो आदल्या दिवशी जा, पुढं बसा, वळणांवर मोबाइल नको. घाटासाठी झोप आणणारी गोळी घेतली असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पोहणाऱ्याला स्वतःच्या हालचालीचा त्रास कमी होतो, कारण ती मेंदूला आधीच माहीत असते. लाट मात्र बाहेरून हलवते, आणि पाचेक सेकंदांना एक अशी संथ वर-खाली हालचाल सगळ्यात जास्त मळमळवते. लाटेच्या उलट बाजूला श्वास घ्या. त्रास वाढला तर पाठीवर पडून आभाळ बघू नका, उभे तरंगा, कमरेला बांधलेला फ्लोट (तरंगता फुगा) धरा आणि किनारा किंवा क्षितिज बघा. ओकारी आली तर उभ्यानंच, तोंड बाजूला करून, मग चूळ भरा. हात वर करून सुरक्षा नौकेला बोलवायला लाजू नका. छोटी होडी जागच्या जागी डोलते, त्यामुळं तीत बसल्यावर थोडा वेळ जास्तच वाटेल. किनाऱ्याकडं तोंड करून बसा आणि लवकर जमिनीवर उतरवायला सांगा. संध्याकाळी जेवताना खुर्ची डोलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, ते बहुधा एका झोपेत जातं. दोन-तीन दिवसांनीही राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.