अण्णांचं पांढरं सलाईन

“अंडं किंवा सोयाबीनची ॲलर्जी आहे का त्यांना?” मिरजेच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ मॅडमनी विचारलं आणि मी गोंधळून गेले. अण्णा माळकरी. माझ्या जन्माआधीपासून गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी चुकलेली नाही. ज्यांनी अंडं कधी चाखलंच नाही त्यांना ॲलर्जी आहे की नाही, कुणी सांगायचं? आणि पाण्याचा घोटसुद्धा बंद असलेल्या माणसाच्या बाबतीत अंड्याचा विषय निघतोच कसा?

मॅडमनी बसवून समजावलं. अण्णांना आता जेवण शिरेतून द्यायचं होतं. वॉर्डात सगळे त्याला टीपीएन म्हणतात. पिशवीत साखर असते, प्रथिनं सुट्ट्या अमिनो ॲसिडच्या रूपात असतात आणि स्निग्ध भाग म्हणून बहुतेक वेळा सोयाबीनचं तेल. तेल तसंच रक्तात सोडता येत नाही, म्हणून अंड्याच्या बलकातल्या एका घटकाच्या मदतीने त्याचे अगदी बारीक थेंब करून ते पाण्यात धरून ठेवतात. म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं.

आई म्हणाली, “सांगू नकोस त्यांना.” पण त्यांच्या अंगात काय जातंय हे त्यांना ठाऊक असायलाच हवं, असं मला वाटलं. मी कानाशी वाकून सांगितलं. अण्णा थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “औषध हाय न्हवं? मग लाव म्हणावं. इठ्ठलाला कळतंय.”

आम्ही पलूसकडचे, द्राक्षबाग आहे. त्याआधी तीन महिने अण्णांचं जेवलं की पोट दुखायचं. दुखतं म्हणून ते जेवण टाळायचे आणि आम्ही ते वयावर घालवलं. मग एका रात्री असह्य कळ आली. आतड्याला रक्त नेणारी धमनी गुठळीने बंद झाली होती. लहान आतड्याचा काळा पडलेला भाग काढावा लागला आणि पाचव्या दिवशी शिवलेला सांधा गळायला लागला. तोंडाने काही द्यायचं नाही, असं ठरलं. मिरजेला येण्याआधीच्या त्या पहिल्या दवाखान्यात ११ दिवस फक्त सलाईन चालू होतं. बाटली संपली की दुसरी लागायची आणि आम्हाला वाटायचं, चला, अंगात काहीतरी जातंय. पुढे हिशेब कळला तेव्हा पोटात खड्डा पडला. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या १ लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे १७० कॅलरी. दिवसाला २ लिटर म्हणजे ३४० आणि प्रथिनं शून्य. अण्णा ६४ किलोंचे ५२ वर आले होते. मांडीचं मांस हाताने उचलून बाजूला ठेवता येईल असं लोंबत होतं. तेव्हा “यांच्या जेवणाचं काय?” एवढं मी विचारलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.

मिरजेत पहिल्याच दिवशी आकडे काढले गेले. किलोमागे २५ कॅलरी, म्हणजे ५२ किलोंना १३००. प्रथिनं किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे ७८. मला हायसं वाटलं, आता भरपूर मिळणार. पण मॅडम म्हणाल्या, “आज फक्त ५२० कॅलरी.” मी जवळजवळ भांडलेच. माणूस उपाशी आहे, पिशवी समोर आहे आणि तुम्ही चमच्याने मोजताय?

त्या चिडल्या नाहीत. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम साखर गेली की इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. रक्तात ते इतकं कमी होऊ शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास ओढायची ताकद जाते. म्हणून आधी थायमिनचं, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन, मग थोड्या कॅलरी, रोज रक्ततपासणी आणि आकडे बघून वाढ. मला आमची आजी आठवली. आजोबांनी मोठा उपास केला की सोडताना ती पानावर बसवायची नाही, आधी वाटीभर पेज द्यायची.

तिसऱ्या दिवशी फॉस्फरस १.६ आलं. असायला हवं २.५ च्या वर. वाढ थांबवली, फॉस्फेट वेगळं दिलं, दुसऱ्या दिवशी २.४. मगच पुढचं पाऊल. पूर्ण १३०० ला पोचायला सात दिवस लागले. मधुमेह नसताना शुगर २४० वर गेली तेव्हा घाबरलो होतो, पण दर सहा तासांनी बोट टोचून बघायचे आणि इन्शुलिन देऊन ती १४० ते १८० मध्ये ठेवायचे.

पिशवी तयार होताना मी रोज काचेतून बघायची. तीन कप्प्यांची ती पिशवी सिस्टर स्वच्छ ट्रेवर आडवी ठेवत आणि वरच्या टोकापासून चपातीची गुंडाळी करावी तशी घट्ट गुंडाळत जात. मधले पडदे फट् करून सुटत, पांढरं आणि पाण्यासारखं एकमेकांत मिसळे. दोन-चार वेळा उलटीपालटी करून उजेडासमोर धरत. वर तेलाचा पिवळा थर दिसला तर ती पिशवी वापरायची नाही. मग त्यात जीवनसत्त्वं जात. ती उजेडाने खराब होतात म्हणून वर झाकण घालत. पंपावरच चालवायची, २४ तासांत संपो न संपो, उतरवायची, आणि नळीसुद्धा रोज नवी.

हे सगळं गळ्याच्या मोठ्या शिरेतून. इतकं दाट द्रावण हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही. लाइन, म्हणजे त्या शिरेतली नळी, घातल्यावर छातीचा एक्स-रे काढून टोक नीट जागी आहे ना हे बघितलं, तोवर पिशवी लावलीच नाही. त्या लाइनला तीन तोंडं होती. एकावर लाल पट्टी चिकटवलेली, ती फक्त टीपीएनची. “ताई, या लाल पट्टीतून दुसरं काहीही जाऊ द्यायचं नाही आणि रक्तसुद्धा यातून काढायचं नाही,” असं आमच्या सिस्टरनी मलाही सांगून ठेवलं होतं.

नवव्या रात्री, दोनच्या सुमाराला, दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्या एका सिस्टर अँटिबायोटिकची सिरिंज घेऊन आल्या आणि त्यांनी नेमकं तेच तोंड हातात घेतलं. मी उठून उभी राहिले. “सिस्टर, ते लाल पट्टीचं आहे.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. औषध पिशवीतल्या क्षारांशी जुळलं नाही तर नळीतच कण तयार होतात, ते फुप्फुसात जाऊन अडकू शकतात, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. त्या रात्री फक्त शब्द पाळला होता. त्या सिस्टर पहाटे पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं बोललात.” बोलायची भीती मात्र मला खूप वाटली होती. आपण कोण सांगणारे, असं वाटतंच.

एकविसाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. लाइनमधून आणि हातातून अशी दोन्हीकडची रक्तं कल्चरला, म्हणजे जंतू आहेत का ते बघायला, गेली. लाइन काढली. पिशवी एकदम थांबली की शुगर कोसळू शकते, म्हणून हाताला १० टक्के डेक्स्ट्रोज लावलं. दोन दिवसांनी दुसऱ्या बाजूला नवी लाइन. त्यानंतर लाइनला हात लावण्याआधी कुणी हात धुतले का, तोंड स्पिरिटने घासलं का, हे मी उघडपणे बघायला लागले.

पुढे एकदा वाचलं की १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतल्या अन्नावर वाढवून दाखवली, आणि मग जन्मजात आतडं जवळजवळ नसलेल्या एका बाळालाही तसंच दिलं. मी मोबाईल बाजूला ठेवून अण्णांच्या मांडीवर हात ठेवला. मांस परत धरू लागलं होतं.

पोटावरच्या पिशवीत गळतीचं पाणी सुरुवातीला दिवसाला ४०० मिली जमायचं, ते ३० वर आलं. वारं सरलं. मग ताकाची निवळी, मग भाताची पेज, दोन चमचे, पाच चमचे. तोंडाने निम्म्याहून जास्त जाऊ लागलं तशी पांढरी पिशवी कमी केली. ३४ व्या दिवशी शेवटचे दोन तास पंपाचा वेग निम्म्यावर आणला, मग बंद. तासाने शुगर ११२.

मी आकडा वहीत लिहीत होते तेव्हा अण्णा म्हणाले, “पोरी, भाकरीचा पापुद्रा तेवढा दे. चावायचा न्हाई, नुस्ता जिभंवर ठेवायचाय.” मी मॅडमना विचारायला गेले.