तुम्ही विचारलंत म्हणून: नशिबाला इंग्रजीत काय म्हणायचं?

हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलं हमखास विचारतात: नशिबाला ‘लक’ म्हणायचं, ‘फॉर्च्यून’ की ‘फेट’? तिन्ही शब्द खरे, पण एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही.

‘लक’ म्हणजे कुणाच्याच हातात नसलेला योगायोग. म्हणून मेहनतीने मिळवलेल्या गोष्टीला तो लावू नका. ‘बाय लक आय गॉट द जॉब’ म्हटलंत, तर मुलाखत घेणाऱ्याला ऐकू येतं की नोकरी चुकून मिळाली. ‘आय वॉज फॉर्च्युनेट टू वर्क अंडर अ गुड शेफ’ म्हणा. त्यात कृतज्ञता आहे. ‘लकी’ चुकीचं नाही, जरा घरगुती एवढंच. आणि ‘अ गुड लक’ कधीच नाही. एकच घटना सांगायची असेल तर ‘अ स्ट्रोक ऑफ लक’.

खरा घोटाळा होतो रिसेप्शनवर. डिसेंबरातल्या गर्दीत पाहुणा गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दमून येतो, खोली तयार नसते, आणि आपला मुलगा सांगतो, ‘अनलकीली, युवर रूम इज नॉट रेडी.’ खोली झाडून झाली नाही, यात नशीब कसलं? पाहुणा चिडतो ते त्यामुळेच. इथे ‘अनफॉर्च्युनेटली’ हवं. त्यातलं नशीब आता झिजून गेलंय, उरलाय तो खेद. पण त्या शब्दावर थांबू नका. किती वेळ लागेल, सामान कुठे ठेवायचं, तोवर कुठे बसायचं, हे त्याच दमात सांगा.

सांत्वनाचं तोलूनमापून. चेंडू गोलपोस्टला लागून परतला की आपल्याकडे मैदानभर ‘हार्ड लक!’ होतं, ते अगदी बरोबर. ‘बॅड लक’ही चालतं. ‘टफ लक’ मात्र टाळाच. स्वर किंचित घसरला तरी ‘भोग आता’ असं ऐकू येतं. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर यांतलं काहीही तोंडातून काढू नये. ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ पुरे.

‘फेट’ म्हणजे आधीच ठरलेलं, न टळणारं. त्याच्या पोटातला ‘फेटल’ जपून वापरा: ‘फेटल अ‍ॅक्सिडेंट’ म्हणजे त्यात माणूस गेला.

घरात पोर्तुगीज जाणणारं जुनं माणूस असेल, तर ‘अझार’ म्हणजे वाईट नशीब हे त्याला ठाऊक असतं. इंग्रजी ‘हॅझर्ड’ त्याचाच भाऊबंद. दोघेही फाशांच्या खेळातून आले. पण इंग्रजीत आज त्याचा अर्थ धोका. ओल्या फरशीला ‘हॅझर्ड’ म्हणतात, फुटक्या नशिबाला नाही.

आणि अमेरिकन पाहुणा ‘आय लक्ड आउट’ म्हणाला, तर त्याचं नशीब संपलेलं नसतं, फळफळलेलं असतं. ‘हार्ड लक’ म्हणून समजूत घालायला जाऊ नका. ‘ग्लॅड टू हिअर इट’ म्हणा.