घराण्यात कोणाला फिट यायच्या का?

मेलबर्नला माझ्या कामाचा बराचसा वेळ वंशावळी काढण्यात जातो. लहान मुलांच्या अपस्मारावर, म्हणजे आपण इंदुरात ज्याला फिट, झटके किंवा सरळ ‘मिरगीचा दौरा’ म्हणतो त्यावर, संशोधन करणाऱ्या एका गटात मी आहे. मी डॉक्टर नाही. कुटुंबांशी बोलायचं, संमती घ्यायची, हकीकत लिहून काढायची आणि रक्ताचे किंवा लाळेचे नमुने प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. कागदावर पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. ज्यांना फिट येत होत्या त्यांची खूण काळी भरायची, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ मारायची. निदान तीन पिढ्या तरी काढायच्या.

प्रश्न साधे असतात, पण फार बारीक असतात. पहिली फिट आली तेव्हा बाळ किती महिन्यांचं होतं? अंगात ताप होता का? दोन्ही हात झटकत होतं की एकच? मान कुठल्या बाजूला वळली? किती वेळ चाललं, आणि नंतर हात लुळा पडला होता का? आया हे सगळं अचूक सांगतात. कित्येक वर्षं झाली तरी त्या दिवशी बाळाच्या अंगात कुठला कपडा होता तेही त्यांना आठवतं. मशीन, रिपोर्ट, जनुकांची तपासणी हे नंतरचं. आधी घरच्या माणसाने पाहिलेलं आणि न लपवता सांगितलेलं लागतं. आज मला तेच सांगायचं आहे.

या शहराचं या क्षेत्रात जे नाव झालं, ते मुळात अशा हकिकतींमुळे. इंग्रिड शेफर आणि सॅम्युअल बर्कोविक हे इथले दोन मेंदूविकारतज्ज्ञ. 1994 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचं वर्णन छापलं, ज्यांच्यात रात्री झोपेत येणाऱ्या फिटना माणसं वाईट स्वप्नं किंवा झोपेचा विकार समजत होती. आपल्याकडे अशा पोराला रात्री ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून अंगारा लावतात. पुढच्याच वर्षी एका ऑस्ट्रेलियन कुटुंबात त्या आजाराचं जनुक सापडलं. अपस्माराशी थेट जोडलं गेलेलं ते पहिलं जनुक.

1997 मध्ये या दोघांनी एका घराण्याचा अभ्यास मांडला. त्या घराण्याची सुमारे 2000 माणसांची वंशावळ उपलब्ध होती आणि तिच्या एका शाखेत चार पिढ्यांत 25 जणांना फिट आलेल्या होत्या. कोणाला फक्त लहानपणी तापात, कोणाला ताप नसतानाही, कोणाला मोठेपणापर्यंत. एकाच घरात इतक्या तऱ्हा, आणि तरी मूळ एक. हे कळलं कारण कोणीतरी पिढ्यानपिढ्यांची नावं जपून ठेवली होती आणि हयात माणसं मोकळेपणाने बोलली.

हे वाचलं तेव्हा मला आपले कुलवृत्तांत आठवले. होळकरांच्या चाकरीत आमचे पूर्वज साताऱ्याकडून माळव्यात आले, तेव्हापासूनची नावं आमच्या घराण्याच्या पुस्तकात आहेत. कोण कुठल्या महालात कारकून होता, कोणाला कुठली जमीन मिळाली, कोणाची मुलगी ग्वाल्हेरला दिली आणि कोणाची बडोद्याला, सगळं आहे. पण माझ्या आजीचा एक भाऊ चौथ्या वर्षी गेला, त्याला वारंवार फिट यायच्या, ही गोष्ट मला रामबागेतल्या आत्याने स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितली होती. पुस्तकात त्याचं नावच नाही. आजीला किती भावंडं, तर छापलेला आकडा एकाने कमी आहे.

लपवण्याला कारणं होती, हे मी विसरत नाही. मुलींची लग्नं अडायची. हिंदू विवाह कायद्यातसुद्धा अपस्माराचा उल्लेख लग्नाला अडसर म्हणून होता. तो 1999 च्या दुरुस्तीत निघाला. कायद्यातून गेला, बोहल्यावरून अजून गेलेला नाही. आणि इथे सगळे पहिल्यापासून मोकळे होते असंही समजू नका. एका म्हाताऱ्या बाईंनी मला फोनवर सांगितलं की त्यांच्या भावाला लहानपणीच एका संस्थेत ठेवलं आणि मग घरात त्याचं नाव काढायची बंदी होती. सांगताना त्यांचा आवाज बदलला. मी त्यांच्या वंशावळीत एक चौकोन काढला, काळा भरला, रेघ मारली. बाईंनी त्याचं पूर्ण नाव स्पेलिंगसकट दोनदा सांगितलं.

माझ्या मामेबहिणीची मुलगी इंदुरातच जन्मली. सहाव्या महिन्यात लस दिली, त्या रात्री ताप आला आणि एका बाजूचा हातपाय झटकू लागला, तो अर्धा तास थांबेना. पुढची फिट मालिशवाल्या मावशी कढत पाण्याने न्हाऊ घालत असताना आली. एमआरआय स्वच्छ, मेंदूचा आलेखही स्वच्छ. घरात मात्र निकाल लागून गेला होता: लस टोचायला हिनेच नेलं. दुसऱ्या बाजूने ग्रहणाचा विषय निघाला. बहिणीने मला व्हिडिओ कॉल केला तेव्हा इंदुरात जेवणं आटोपली होती आणि इथे मध्यरात्र उलटली होती. तिने मला औषध विचारलं नाही. तिने विचारलं, ‘ताई, माझ्यामुळे झालं का गं?’

तिला मी जे सांगितलं ते इथेही लिहिते. निरोगी बाळ, सहा महिन्यांच्या आसपास तापात किंवा गरम पाण्याच्या अंघोळीत आलेली लांबलेली एकांगी फिट, सुरुवातीला सगळ्या तपासण्या नॉर्मल, हे चित्र शार्लोट ड्रावे या फ्रेंच डॉक्टरांनी 1978 मध्ये मांडलं. आज त्या आजाराला त्यांचंच नाव आहे. 2001 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी अशी सात मुलं तपासली आणि सातही जणांत एससीएन-वन-ए या जनुकात बिघाड सापडला. तो आईवडिलांकडून आलेला नव्हता, मुलात नव्याने झालेला होता. मग 2006 मध्ये बर्कोविक यांच्या गटाने अशा 14 जणांची तपासणी छापली, ज्यांचा मेंदू डांग्या खोकल्याच्या लसीने बिघडला असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. त्यातल्या 11 जणांत हाच बिघाड निघाला. लसीनंतरच्या तापाने पहिली फिट थोडी अलीकडे येऊ शकते, पण आजार लसीने होत नाही. ग्रहणाने, डोहाळ्यांत काही खाल्ल्याने, आईच्या रडण्याने तर नाहीच नाही.

बहिणीने तिच्या डॉक्टरांशी बोलून जनुकांची तपासणी करून घेतली. एससीएन-वन-ए मध्येच दोष निघाला, आईवडील दोघांतही नाही. तो कागद तिने सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘उद्या दवाखान्यात मी येते बरोबर.’

आता औषधाचं, कारण नाव कळण्याचा खरा उपयोग इथे आहे. मेंदूत पेशींना उचकवणाऱ्या पेशी असतात, तशा आवरणाऱ्याही असतात. एससीएन-वन-ए हे जनुक पेशीत सोडियम शिरण्याची वाट बनवतं, आणि या आजारात ती वाट दुबळी पडते ती मुख्यतः आवरणाऱ्या पेशींत. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटोइन ही फिटची नेहमीची, चांगली औषधं. पण ती सोडियमचीच वाट अडवतात, त्यामुळे या मुलांच्या फिट वाढू शकतात. छोटीचं एक औषध डॉक्टरांनी याच कारणाने हळूहळू उतरवलं आणि व्हॅल्प्रोएटला क्लोबाझमची जोड दिली. फिट थांबल्या नाहीत, पण दवाखान्यात धावायची वेळ पुष्कळ कमी झाली.

या आजारात नुसत्या फिट मोजून भागत नाही. दुसऱ्या वर्षानंतर बोलणं, चालणं, समज मागे पडू लागते; काही मुलांत स्वमग्नतेची लक्षणं दिसतात. त्यात काही वाटा फिटचा असतो आणि काही थेट जनुकाचा, म्हणून फिट आटोक्यात आल्यावर सगळं आपोआप सुरळीत होईल असं कोणी सांगू नये. भारतात 2018 मध्ये छापलेल्या पाच ठिकाणच्या एका मोठ्या पाहणीत 2 ते 9 वर्षांच्या साधारण दर आठ मुलांमागे एकाला वाढीशी निगडित काही ना काही विकार आढळला. त्यात अपस्मार, स्वमग्नता, ऐकू न येणं, शिकण्यातल्या अडचणी सगळं आलं. म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत असं मूल आहे. इथे अशा मुलाचा लेखी आराखडा शाळेत असतो, फिट आली तर कोणी काय करायचं ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं आणि बाईंनी नाकात किंवा गालात द्यायचं मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध कसं द्यावं याचं शिक्षण घेतलेलं असतं. आपल्या शाळांत हे करायला पैसा फार लागत नाही. आईबापांनी शाळेला सांगायची तयारी मात्र लागते.

फिटचा एक प्रकार मला वेगळा काढून सांगायचाच आहे. 1841 मध्ये विल्यम जेम्स वेस्ट या इंग्रज डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्यांचा स्वतःचा मुलगा काही महिन्यांचा असताना डोकं पुढे झुकवून वाकायचा, पुन्हा पुन्हा, एकामागून एक. बापाने ते जसं पाहिलं तसं लिहिलं आणि आजही त्या वर्णनात बदल करायची गरज पडत नाही. आपल्याकडे हेच बाळ ‘दचकतंय’ किंवा ‘पोटात मुरडा आहे’ म्हणून ओवा-हिंगावर आठवडे निघून जातात, आणि या प्रकारात आठवडेसुद्धा महागात पडतात. उपचार लवकर सुरू झाले तर बाळाच्या वाढीला बरीच जास्त संधी मिळते. चार-आठ महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना असं ओळीने वाकत असेल, तर मोबाइलवर चित्रीकरण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पुढे काय, असं बहीण दर वेळी विचारते. ड्रावे आजाराच्या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत फेनफ्लुरामिन आणि कॅनाबिडिऑलसारखी औषधं आली, आणि जनुकाच्या धडधाकट प्रतीकडून जास्त प्रथिन बनवून घेणारं, पाठीच्या मणक्यातून द्यायचं औषध तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत आहे. ते इंदुरात कधी मिळेल याची तारीख मी तिला दिलेली नाही. पण जनुकाच्या रिपोर्टशिवाय अशा चाचणीच्या दारातही उभं राहता येत नाही, म्हणून तो रिपोर्ट तिने जन्मदाखल्याशेजारी ठेवला आहे.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी एक वही घाला. तारीख, वेळ, किती मिनिटं, कुठली बाजू, ताप होता का, झोप झाली होती का. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, लहानपणी कोणाला फिट यायच्या, कोण लवकर गेलं, आणि ते नावासकट लिहा. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा. कांदा, जोडा, चमचा, पाणी काहीही तोंडा-नाकाशी नेऊ नका. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठा. आणि हा लेख वाचून एकही गोळी स्वतःहून कमी करू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांना विचारा की या फिटचं कारण शोधायला अजून काय करता येईल.