आरिमाचं खारट गरम पाणी आणि खालून सरकणारी प्लेट

कोबेचं बीफ राहिलं तरी चालेल पण आरिमाचे गरम झरे चुकवू नकोस, असं ओसाकाला राहणारा माझा मावसभाऊ सारखं म्हणत होता, म्हणून निघालो. कोबेच्या सान्नोमिया स्टेशनहून ट्रेन बदलत रोक्को डोंगराच्या पलीकडे गेलं की आलंच. गाव एवढुसं, चढाच्या गल्ल्या, आणि मध्येच एका देवळाच्या आवारात लोखंडी सांगाड्यातून वाफ फुसफुसत असते. हा तेन्जिन झरा, पाणी ९८ अंश! जवळपास एकही जिवंत ज्वालामुखी नाही, आणि पाणी समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट.

मग येतं कुठून? तर दक्षिणेला समुद्राच्या तळाशी नानकाई खंदकात फिलिपाईन समुद्राची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, जपानखाली घुसतेय, आणि ती जाताना खनिजांच्या स्फटिकांत अडकलेलं पाणीपण घेऊन जाते. खोलवर दाब आणि उष्णता वाढली की खनिजं ते पाणी सोडतात आणि ते भेगांतून वर येतं. आरिमाचं खारं पाणी मुख्यतः तेच, असं संशोधक मानतात, म्हणजे कित्येक किलोमीटर खालचा माल.

सार्वजनिक न्हाणीघरात पाणी पावसाळ्यातल्या कोकणी ओढ्यासारखं तांबडं. झऱ्यातून निघताना स्वच्छ असतं, हवा लागली की त्यातलं लोखंड गंजतं. बायका-पुरुष वेगळे, पण कपडे सगळे काढायचे, त्यामुळे सुरुवातीला जाम अवघडायला होतं, मग पाणी इतकं कढत की लाजायचं सुचतच नाही.

या पाण्याला वर यायला वाट नाही मिळाली तर ते दोन प्लेटच्या सांध्यात कोंडतं, वरच्या खडकाचा भार थोडा स्वतःच पेलतं आणि घर्षण कमी होतं. म्हणून ३०-४० किमी खाली प्लेट धाडकन न सुटता कित्येक दिवस हळूहळू घसरते, सोबत बारीक थरथर. भूकंपशास्त्रज्ञ काझुशिगे ओबारा यांनी ती २००२ मध्ये दाखवून दिली, वर कुणाला काही जाणवत नाही. त्याच्या वरचा उथळ भाग मात्र घट्ट अडकलेला, तो १९४४ आणि १९४६ ला सुटला आणि मोठे भूकंप झाले.

भाऊ मूळचा कराडचा, त्याने विचारलंच, "ताई, मग कोयनेच्या भूकंपालाही पाणीच ना?" म्हटलं हो रे, पण तिथे धरणाचं पाणी वरून मुरतं, खाली प्लेट-बिट घुसत नाही.

कोबेचा १९९५ चा भूकंपही प्लेटच्या सांध्यावरचा नाही, वरच्या खडकातल्या फॉल्टवरचा, म्हणजे भेगेवरचा, सहा हजारांवर माणसं गेली. नंतर दोन संशोधकांनी भारी डोकं चालवलं, त्या भागातल्या विहिरीचं मिनरल वॉटर बाटल्यांतून विकलं जायचं, बाटलीवर तारीख, म्हणजे आयते नमुने! त्यात ऑगस्ट १९९४ पासून क्लोराईड (मिठातला एक घटक) वाढत गेलेलं निघालं. पण हे सगळं नंतर कळलं, त्यावरून पुढचा भूकंप सांगता येतो म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

पुढे मात्सुयामा शहरात दोगो ओन्सेन (ओन्सेन म्हणजे गरम पाण्याचा झरा) पण केलं. ६८४ च्या भूकंपात तिथला झरा आटल्याची नोंद 'निहोन शोकी' या जपानच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे, १७०७ आणि १९४६ लाही पाणी गेलं होतं, परत आलं. पाणी मऊ, बिनरंगी, मीठ-बिठ काही नाही, मला आरिमाच जास्त आवडलं. आरिमाला जाताना टॉवेल जुनाच न्या, डाग निघत नाहीत.